शरणपूर रोडवरील हिस्टोपॅथॉलॉजी प्रयोगशाळा : वहिनींच्या गाठीच्या निमित्ताने सविस्तर अभिप्राय

गेल्या उन्हाळ्यात माझ्या वहिनींच्या स्तनातील गाठ काढण्यात आली आणि ती तपासणीसाठी नाशिकच्या शरणपूर रोडच्या आतल्या गल्लीतील या हिस्टोपॅथॉलॉजी, म्हणजे शरीरातून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या, प्रयोगशाळेत द्यावी लागली. रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबविषयी अभिप्राय लिहिणारे पुष्कळ असतात, कारण तिथे आपण स्वतः जातो, सुई टोचून घेतो आणि संध्याकाळी मोबाइलवर अहवाल पाहतो. बायोप्सीचे तसे नसते. रुग्ण अजून भुलीच्या गुंगीत असतो, बरणी नातेवाइकाच्या हातात दिली जाते आणि आठवड्याभराने इंग्रजीतला दोन पानी अहवाल येतो. मधल्या दिवसांत त्या तुकड्याचे काय झाले हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. मी स्वतः २८ वर्षे एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या विकृतिशास्त्र विभागात तंत्रज्ञ होतो. तुकडे मेणात बसवणे, कापणे आणि रंगवणे हेच माझे काम होते, त्यामुळे मला मधल्या दिवसांचीच काळजी अधिक होती, आणि हा अभिप्रायही मुख्यतः त्या दिवसांविषयी आहे.

वहिनी ओझरला राहतात. शस्त्रक्रिया एका लहान रुग्णालयात शनिवारी संध्याकाळी झाली. दादाच्या हातात जी बरणी देण्यात आली ती मधाची प्लॅस्टिकची बरणी होती. तोंड अरुंद, सुमारे चार सेंटिमीटरची अख्खी गाठ आत कोंबलेली आणि तिच्यावर जेमतेम बोटभर फॉर्मॅलिन, म्हणजे तुकडा टिकवणारे द्रावण. नावाची चिठ्ठी झाकणावर चिकटवलेली होती, बरणीवर नव्हती, आणि सोबतच्या अर्जावर गाठ उजव्या बाजूची की डाव्या, ती किती वाजता काढली, यांपैकी काहीच लिहिलेले नव्हते. रविवारी प्रयोगशाळा बंद असल्याने बरणी तशीच घरी राहिली. सोमवारी सकाळी मी दादाबरोबर गेलो तेव्हा खरे सांगायचे तर मनात धाकधूक होती, कारण अशी बरणी आली की बहुतेक ठिकाणी ती निमूटपणे नोंदवून घेतली जाते आणि पुढे जे होईल ते होते.

इथे तसे झाले नाही. नोंदणीच्या टेबलावरील मुलीने अर्ज पाहून पहिला प्रश्न विचारला तो गाठ किती वाजता काढली आणि फॉर्मॅलिनमध्ये किती वाजता टाकली हा. दादाला ते माहीत नव्हते, म्हणून तिने रुग्णालयाला फोन लावून दोन्ही वेळा आणि बाजू विचारून घेतली, ज्यांनी सांगितले त्यांचे नाव अर्जावर लिहिले आणि आतून तंत्रज्ञाला बोलावले. त्याने झाकणावरची चिठ्ठी पाहताच बरणीवर क्रमांक घातला. फॉर्मॅलिनमध्ये राहून गाठ बाहेरून कडक झालेली असल्याने ती त्या तोंडातून निघेना, तेव्हा ओढाताण न करता त्याने बरणीच कापली. अर्ध्या तासाच्या आत पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी गाठीचे माप घेतले, तिच्या सर्व कडांना शाई लावली, एकेक सेंटिमीटर अंतरावर पाव कापावा तसे काप दिले आणि ती रुंद तोंडाच्या मोठ्या बरणीत, गाठीच्या वीसपट ताज्या फॉर्मॅलिनमध्ये ठेवून दिली. आम्हाला सांगण्यात आले की अहवालाला दोन दिवस जास्त लागतील. दादाला तो उशीर खटकला. मला त्या एका वाक्याने निम्मा दिलासा मिळाला.

त्याचे कारण सांगितले पाहिजे. शरीरातून बाहेर पडलेला तुकडा त्याच क्षणापासून कुजू लागतो, म्हणजे पेशींतीलच द्रव्ये पेशींना विरघळवू लागतात. ते थांबवण्याचे काम फॉर्मॅलिन करते. १८९३ साली फर्डिनांड ब्लूम हा जर्मन डॉक्टर फॉर्मॅल्डिहाइड (ज्याचे पाण्यातले द्रावण म्हणजे फॉर्मॅलिन) जंतुनाशक म्हणून तपासत असताना त्याच्या स्वतःच्या बोटांची कातडी कडक झाली आणि ऊतक टिकवण्यासाठी हे द्रावण वापरता येईल हे त्याच्या ध्यानात आले. तेव्हापासून आजपर्यंत जगभरच्या विकृतिशास्त्र विभागांचे काम यावरच चालते. परंतु फॉर्मॅलिन आत शिरते ते फार सावकाश. साधारणपणे तासाला एक मिलिमीटर धरतात आणि खोल जाताना तो वेगही मंदावतो. चार सेंटिमीटरची न कापलेली गाठ, तीही अरुंद बरणीच्या भिंतींना चिकटलेली आणि बोटभर द्रावणात, बाहेरून दगडासारखी होते आणि आतून कच्चीच राहते. सोमवारी काप दिल्यावर मधला भाग लालसर व लिबलिबीत होता, तो मी स्वतः पाहिला. अशा भागाचे काप पुढे कितीही कौशल्याने घेतले तरी पेशींचे केंद्रक पुसट दिसतात, आणि स्तनाच्या कर्करोगात उपचार ज्यांवर ठरतो त्या हार्मोन रिसेप्टरच्या (गाठीच्या पेशी हार्मोनला प्रतिसाद देतात का हे पाहणाऱ्या) तपासण्याही खोट्या नकारात्मक येऊ शकतात. याच कारणासाठी स्तनाच्या गाठी काढल्यापासून तासाभराच्या आत फॉर्मॅलिनमध्ये जाव्यात आणि त्यात किमान ६ व कमाल ७२ तास राहाव्यात असा दंडक आहे. वेळ विचारणारी ती मुलगी काय विचारत होती, हे त्यावरून कळेल.

दुसऱ्या दिवशी मी माझी ओळख सांगून आत येण्याची परवानगी मागितली आणि मॅडमनी ती दिली. बाहेरच्या माणसाला आत घेण्याचे बंधन त्यांच्यावर नव्हते. ज्यांना झाकण्यासारखे काही असते ते सहसा असे दार उघडत नाहीत, हे माझे मत आहे. ग्रॉसिंगचे, म्हणजे नमुना कापून त्यातले तुकडे निवडण्याचे, टेबल स्वच्छ होते, हवा ओढून घेणारा पंखा चालू होता आणि एका वेळी टेबलावर एकाच रुग्णाची बरणी होती. वहिनींच्या गाठीतून तीन-चार मिलिमीटर जाडीचे तुकडे घेऊन ते प्लॅस्टिकच्या जाळीदार कॅसेटमध्ये घालण्यात आले. प्रत्येक कॅसेटवर क्रमांक पेन्सिलीने लिहिलेला होता, कारण पेनाची शाई पुढे लागणाऱ्या अल्कोहोल आणि झायलिन या द्रावकांत धुऊन जाते आणि मग तुकडा कोणाचा हे देवालाही सांगता येत नाही. कुठला तुकडा गाठीच्या कुठल्या भागातला, याची आकृती काढून तिच्यावर क्रमांक घातलेले होते. आतल्या कच्च्या भागाचे तुकडे वेगळ्या कॅसेटमध्ये ठेवून त्यांपुढे तशी नोंद केलेली होती, आणि ही नोंद पुढे फार कामाला आली.

स्तनाच्या ऊतकात चरबी फार असते आणि ती या कामातली जुनी डोकेदुखी आहे. तुकड्यातले पाणी चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलने काढायचे, अल्कोहोल झायलिनने काढायचे आणि झायलिनच्या जागी सुमारे ६० अंशांवर वितळलेले पॅराफिन मेण भरायचे, हा क्रम सर्वत्र एकच आहे. पण चरबीला प्रत्येक टप्प्यावर जास्त वेळ द्यावा लागतो, नाहीतर मेण आत मुरत नाही आणि कापताना मधोमध भोके पडतात. येथे स्तनाच्या तुकड्यांसाठी टिश्यू प्रोसेसरवर वेगळा, लांबलेला कार्यक्रम ठेवलेला आहे. रात्री वीज गेली तर काय, असे मी मुद्दाम विचारले. नाशिकमध्ये मे महिन्यात, वळिवाच्या वाऱ्याने तारा तुटल्या की वीज तासन्‌तास येत नाही, आणि जुन्या पद्धतीच्या फिरत्या प्रोसेसरची टोपली अशा वेळी दोन भांड्यांच्या मध्ये हवेत लटकत राहिली तर सकाळपर्यंत तुकडे वाळून निकामी होतात. माझ्या नोकरीत एकदा अशा रात्रीनंतर १४ रुग्णांचे तुकडे हातचे गेलेले मी पाहिले आहेत आणि ते आजही विसरू शकत नाही. येथे यंत्राला स्वतंत्र इन्व्हर्टर आहे आणि वीज गेल्यास तंत्रज्ञाच्या मोबाइलवर सूचना जाते.

कापण्याचे काम मी जवळजवळ तासभर उभा राहून पाहिले. मेणाच्या ठोकळ्यातून, ज्याला आम्ही ब्लॉक म्हणतो, मायक्रोटोम या कापण्याच्या यंत्रावर तीन ते चार मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे काप घ्यायचे असतात. माणसाच्या रक्तातील लाल पेशीचा व्यास सुमारे सात मायक्रॉन असतो, म्हणजे काप त्या पेशीच्याही निम्म्या जाडीचा. आमच्या काळी पोलादी सुरी दगडावर परजून घ्यावी लागे आणि ती नीट परजणे हीच तंत्रज्ञाची परीक्षा असे. आता वापरून फेकायची पाती आली आहेत. पण पाते नवीन आहे म्हणून काप चांगला येतोच असे नाही. ब्लॉक बर्फावर पुरेसा गार झाला नसेल, चाक हिसक्याने फिरवले असेल, पाते कडेला बोथटलेले असताना सरकवून घेतले नसेल, तर कापावर आडव्या लाटा किंवा उभ्या रेघा येतात आणि त्या रेघा पुढे सूक्ष्मदर्शकाखाली पॅथॉलॉजिस्टला छळतात. येथील तरुण तंत्रज्ञ वयाने तिशीच्या आतला असेल, पण त्याचा हात शांत आहे. चाक एकाच लयीत फिरत होते, एकापाठोपाठ एक काप चिकटून तलम फितीसारखी रिबन उतरत होती आणि त्याने ती कुंचल्याच्या टोकाने उचलून कोमट पाण्यावर अलगद पसरवली; तिथून ती काचेच्या स्लाइडवर उचलून घेतात. पाणी मेणाच्या वितळणबिंदूपेक्षा सुमारे दहा अंशांनी कमी तापमानाचे असावे लागते. जास्त गरम झाले तर ऊतक फाकते, गार राहिले तर सुरकुत्या जात नाहीत.

याहूनही मला जे आवडले ते असे की प्रत्येक ब्लॉकनंतर त्याने टिश्यू पेपर पाण्याच्या पृष्ठभागावरून फिरवला. आधीच्या रुग्णाच्या ऊतकाचा तरंगणारा एखादा कण पुढच्या रुग्णाच्या काचेवर जाऊन बसला तर निरोगी माणसाच्या स्लाइडवर कर्करोगाच्या पेशी दिसू शकतात. ही अतिशयोक्ती नव्हे. या व्यवसायातल्या प्रत्येकाला असा प्रसंग ठाऊक असतो. कागद फिरवायला पाच सेकंद लागतात, आणि दिवसाच्या शेवटी ऐंशीव्या ब्लॉकला ते पाच सेकंद देणारा माणूस मिळणे कठीण असते. मी मुद्दाम शेवटपर्यंत थांबलो, आणि शेवटच्या ब्लॉकलाही कागद फिरला.

रंगवण्याची पद्धत नेहमीचीच, हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन. हिमॅटॉक्सिलिन हे मध्य अमेरिकेतील एका झाडाच्या लाकडातून मिळते. ते स्वतः रंगवत नाही; त्याचे ऑक्सिडीकरण होऊन हिमॅटेइन तयार होते आणि तुरटीच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, आधाराने ते पेशीच्या केंद्रकाला धरते. पूर्वी द्रावण काचेच्या बाटलीत उन्हात आठवडेच्या आठवडे पिकवत असत. १९०० साली हॅरिस यांनी पाऱ्याचा ऑक्साइड वापरून ते लगेच तयार करण्याची रीत दिली, आणि पाऱ्याच्या विषारीपणामुळे आता त्याऐवजी सोडियम आयोडेट वापरतात. येथे द्रावण रोज सकाळी गाळून घेतात, कारण त्याच्यावर धातूसारखी चकाकणारी साय धरते आणि ती न काढल्यास स्लाइडवर निळे-काळे ठिपके पडतात. आम्लमिश्रित अल्कोहोलमध्ये जास्तीचा रंग उतरवण्याचा टप्पा काही क्षणांचा असतो आणि तो घड्याळावर चालत नाही, डोळ्यांवर चालतो. तंत्रज्ञ दर वेळी एक स्लाइड काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहून मगच पुढे जात होता. त्यानंतर स्लाइड वाहत्या पाण्याखाली धरल्यावर केंद्रकांचा लालसर जांभळा रंग हळूहळू निळा होतो. हा पालट मी हजारो वेळा पाहिला आहे, तरी त्या दिवशी वहिनींच्या स्लाइडवर तो होताना पाहून डोळे भरून आले. शेवटी इओसिन. या रंगाचे नाव पहाटेच्या ग्रीक शब्दावरून आले आहे, आणि तो नीट चढला की लाल पेशी, स्नायू आणि तंतुमय ऊतक गुलाबीच्या तीन वेगळ्या छटांत दिसतात. ज्या लॅबच्या स्लाइडवर सगळेच एका गुलाबी रंगात माखलेले दिसते, तिथे इओसिनमध्ये स्लाइड विसरली गेली असे समजावे. येथे तीनही छटा स्पष्ट होत्या, डीपीएक्स हे पारदर्शक चिकट द्रव्य लावून बसवलेल्या कव्हरस्लिपखाली (वरच्या पातळ काचेखाली) हवेचा एकही बुडबुडा नव्हता, आणि दुधाळपणाही नव्हता, म्हणजे पाणी पूर्ण निघालेले होते.

अहवाल सहाव्या दिवशी मिळाला. निदान कर्करोगाचेच निघाले. पण त्याबरोबर अहवालात एक परिच्छेद असा होता की गाठीच्या मध्यभागाचे स्थिरीकरण (फॉर्मॅलिनने ऊतक टिकवण्याचे काम) अपुरे आहे, रुग्णालयाकडून आलेल्या वेळा अमुक आहेत, आणि रिसेप्टरच्या तपासणीसाठी बाहेरच्या भागातील अमुक क्रमांकाचा ब्लॉक वापरावा. स्वतःकडे आलेल्या नमुन्यातील उणीव इतक्या सरळपणे लिहिणारे अहवाल मी फार थोडे पाहिले आहेत. कित्येक ठिकाणी रुग्ण पाठवणाऱ्या डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून हे गाळले जाते, आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो. कुठला ब्लॉक वापरावा हे सांगता आले ते ग्रॉसिंगच्या वेळच्या त्या आकृतीमुळे.

पुढे आम्ही परळच्या टाटा रुग्णालयात दुसरे मत घ्यायचे ठरवले. नाशिकच्या बहुतेक घरांना ही वाट माहीत आहे; सकाळची पंचवटी एक्सप्रेस, मांडीवर फाइल, आणि पिशवीत स्लाइड व ब्लॉक. ब्लॉक मागितल्यावर नाक मुरडणाऱ्या लॅब आहेत. येथे मागितल्याच्या दुसऱ्या दिवशी सर्व ब्लॉक आणि स्लाइड सहीनिशी मिळाल्या; स्लाइड खाचा असलेल्या प्लॅस्टिकच्या डबीत आणि ब्लॉक लहान थर्मोकोलच्या पेटीत, उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नये अशा मराठी सूचनेसह. मुंबईतही निदान तेच आले, आणि रिसेप्टरच्या तपासणीसाठी सुचवलेला ब्लॉक उपयोगी पडला.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्याही लिहितो. अहवाल केवळ इंग्रजीत आहे. निदानाची परिभाषा इंग्रजीत असणे मला समजते, पण ज्या सूचना रुग्णाने पाळायच्या त्या तरी मराठीत द्याव्यात. ब्लॉकच्या पेटीवर मराठी चिठ्ठी लावणाऱ्यांना हे अवघड नाही. बसण्याची जागा अगदी अपुरी आहे, चार खुर्च्यांवर नऊ-दहा माणसे असतात आणि आतील दार उघडले की झायलिनचा वास थेट त्यांच्यापर्यंत येतो. तिथे गरोदर स्त्रियाही असतात, त्यामुळे हे तातडीने सुधारायला हवे. विशेष रंग, जसे क्षयासाठीचा झील-नीलसन किंवा बुरशीसाठीचा पीएएस, आठवड्यातून दोनच दिवस लावतात, आणि हे आधी सांगत नाहीत. शेजारी बसलेले कळवणचे एक गृहस्थ मानेच्या गाठीच्या अहवालासाठी दोनदा एसटीने येऊन रिकाम्या हाताने परत गेले होते. एक फोन केला असता तर त्यांची खेप वाचली असती. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे रिसेप्टर पाहण्याची तपासणी, येथे होत नाही, ती मुंबईला पाठवली जाते, आणि तिचे शुल्क वेगळे आहे. मूळ तपासणीचे आमच्याकडून २,२०० रुपये घेतले, त्याची पावती न मागता मिळाली. जिना चढून दुसऱ्या मजल्यावर जावे लागते, लिफ्ट नाही.

ज्यांच्या घरी बायोप्सी ठरली असेल त्यांनी शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी येथे जाऊन बरणी घेऊन यावी. हे मला नंतर कळले. बफर केलेले १० टक्के फॉर्मॅलिन भरलेली, रुंद तोंडाची, बाजूवर नाव, अंग आणि वेळ लिहिण्यासाठी रकाने छापलेली बरणी ते विनामूल्य देतात, आणि नमुना काढून झाल्यावर ती कशी भरायची हे परिचारिकेला फोनवर समजावूनही सांगतात. साधे, बफर न केलेले फॉर्मॅलिन साठवणीत आम्ल होते आणि रक्ताळलेल्या तुकड्यांत काळपट कण सोडते, म्हणून रुग्णालयातील कपाटात जुनी बाटली असली तरी हीच बरणी न्यावी. वहिनींच्या काखेतील ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया जूनमध्ये झाली तेव्हा दादा अशा दोन बरण्या घेऊन गेला. दोन्हींवर वेळ लिहिलेली होती, ११ वाजून १० मिनिटे, आणि त्या १२ वाजण्यापूर्वी शरणपूर रोडला पोहोचल्या.